ओट्यावर पत्र्याचं छप्पर: सोलापूरच्या उन्हाला आणि वळवाच्या वाऱ्याला पुरून उरेल असं

एप्रिल-मेमध्ये वळवाचा तडाखा बसला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पत्रे उडाल्याची बातमी ठरलेली. वजनाने छप्पर खाली बसल्याची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. तरी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो की आपण विचारतो, "भार पेलेल ना?" पत्र्याचं वजन ते किती? आपल्याकडे बर्फ काही पडत नाही. विचारायला हवं ते हे, की खालून वारा शिरला तर हे सगळं जमिनीला धरून राहील का? या लेखातले बरेचसे निर्णय याच प्रश्नावरून घेतलेत. उरलेले उन्हावरून.

उदाहरणाला १२ फूट लांब आणि १० फूट रुंद असा घरालगतचा मोकळा ओटा घेऊ. ओटा पश्चिमेला आहे असं धरू, कारण त्रास सगळ्यात जास्त तिथेच होतो. छप्पर एकपाखी, घराकडून बाहेर उतरतं.

वाऱ्याचा हिशेब आधी

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला दर चौरस मीटरला साधारण १७ किलो दाब येतो, १०० किलोमीटरला ४७ किलोच्या घरात. बाजूंनी उघड्या छपराला हा दाब खालून वर उचलतो. आपलं छप्पर १३ फूट बाय साडेअकरा-बारा फूट, म्हणजे साडेचौदा चौरस मीटरच्या आसपास. १०० च्या वाऱ्याचा ते वर उचलणारा जोर पावणेसातशे किलोंच्या आसपास येतो असं धरा. पत्रा आणि लोखंडी सांगाडा मिळून वजन भरतं साडेतीनशे किलोच्या आतबाहेर. उरलेले सव्वातीनशे-साडेतीनशे किलो कोण धरून ठेवणार?

"फरशीवर बेस प्लेट ठेवून चार फास्टनर मारतो की, काही होत नाही ओ मालक," हे उत्तर हमखास मिळतं. बेस प्लेट म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट, फास्टनर म्हणजे भोकात फुगून धरणारा बोल्ट. जुळे सोलापुरात असं उडालेलं एक शेड मी जवळून पाहिलं आहे. वेल्डिंग शाबूत होतं, पत्र्याचा एक स्क्रूही निघाला नव्हता. अख्खा सांगाडा शेजारच्या कंपाउंडवर आडवा पडला होता आणि प्रत्येक बेस प्लेटखाली तळहाताएवढा फरशीचा तुकडा, त्याला चिकटलेल्या मसाल्यासकट, लटकत होता. फास्टनरने आपलं काम केलं होतं. धरायला खाली फरशीशिवाय काही नव्हतंच.

म्हणून खड्डे घ्यायचेच. ओटा फोडावा लागला तरी.

आखणी आणि खड्डे

सहा खांब. तीन पुढे, ओट्याच्या कडेला. तीन मागे, घराच्या भिंतीपासून फूटभर सोडून. मागचे खांब वाचवून छप्पर सरळ भिंतीला टांगण्याचा मोह होतो. घर आरसीसी असेल आणि फास्टनर नेमके बीममध्येच जाणार असतील तर ते जमतं. १२ एमएमचे अँकर फास्टनर दोन-दोन फुटांवर मारून भिंतीलगत आडवा पाईप घ्या. पण विटेच्या भिंतीत फास्टनर ओढाला धरत नाही. पेठांमधल्या जुन्या दगड-मातीच्या घरांना तर हात लावू नये. त्या भिंती वरून येणारं वजन पिढ्यान्‌पिढ्या झेलतात, पण त्यांना बाहेर ओढणारं काही सोसत नाही.

भिंतीपासून एक फूट सोडल्यावर खांबांच्या दोन रांगांत ९ फूट उरतात. लांबी १२ फूट. म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपं माप बरोबर १५ फूट यायला हवं. दोन्ही तिरपी मापं १५ आली की काटकोन जुळला, गुण्या हुडकायची गरज नाही. दोरी लावा, चुन्याने खुणा करा. मधला खांब ६ फुटांवर. दोनच खांब ठेवले तर पुढून मोकळं दिसतं हे खरं, पण १२ फुटांचा बीम कालांतराने पोटात वाकतो आणि पन्हळीचा उतार बिघडतो.

खड्डा १८ इंच बाय १८ इंच, खोली अडीच फूट. पण खोलीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तळाला मुरूम लागला पाहिजे. शहरात काही ठिकाणी दीड फुटांवर मुरूम लागतो, तर ओढ्याकाठच्या किंवा शेतजमिनीवर वसलेल्या वसाहतींमध्ये काळी मातीच निघते. ही माती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सप्टेंबरच्या पावसात फुगून वरचं सगळं उचलते. तिच्यात उभा केलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो, मग पत्र्याचे स्क्रू ताणले जाऊन गळती लागते आणि दोष मात्र पत्र्यावर जातो. मुरूम लागेपर्यंत खणा. चार फुटांवरही लागला नाही, तर खड्ड्याचा तळ दोन फूट रुंद करा आणि काँक्रीटभोवती काळी माती परत न लोटता मुरूम टाकून ठोकून घ्या. मागचे खड्डे घेताना घराचा पाया उघडा पडतोय असं वाटलं तर तिथेच थांबून इंजिनिअरला दाखवा.

सिमेंट, वाळू, खडी यांचं १:२:४ चं काँक्रीट, खडी २० एमएमची. एका खड्ड्याला साधारण एक पोतं सिमेंट लागतं आणि तयार होणारा ठोकळा भरतो ३८० किलोंच्या आसपास. सहा ठोकळे म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. मघाचा उरलेला हिशेब इथे फिटतो, वर माप राखून.

काँक्रीट ओलं असतानाच १२ एमएमचे, फूटभर लांबीचे, खाली वळवलेले चार अँकर बोल्ट रोवा. बोल्ट हाताने खुपसू नका. बेस प्लेटच्या भोकांप्रमाणे प्लायवूडचा साचा कापून त्यातून सोडा, नाहीतर प्लेट बसवताना भोकं गॅसने मोठी करायची वेळ येते. ठोकळ्याचं डोकं फरशीच्या वर चार इंच आणा आणि वरून चारही बाजूंना उतार द्या, म्हणजे ओटा धुताना पाणी प्लेटपाशी साचणार नाही. पाईपच सरळ काँक्रीटमध्ये गाडायची पद्धत आहे, स्वस्तही पडते. पण तो पाईप जमिनीलगत आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

किमान सात दिवस पाणी मारायचं. मार्चनंतर काम काढलं असेल तर गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन-चारदा भिजवा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे सांगणं सोपं आहे याची कल्पना आहे, म्हणून काम सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत काढलेलं बरं. मे महिन्यात अकरानंतर पाईपला हात लावता येत नाही आणि घाईत वेल्डिंगचे टाके कच्चे राहतात.

सांगाडा

खांबाला ७२ बाय ७२ एमएमचा चौकोनी पाईप, जाडी ३.२ एमएम. खांबांवरून लांबीने जाणारे दोन बीम ९६ बाय ४८ चे, उभे धरून. त्यावर उताराच्या दिशेने तीन राफ्टर ८० बाय ४० चे, प्रत्येक साडेअकरा फूट. मागे एक फूट भिंतीकडे, मधले नऊ फूट आणि पुढे दीड फूट बाहेर. राफ्टरवर आडव्या पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते पाईप, ६० बाय ४० च्या, २ एमएम जाडीच्या, १३ फूट लांब, एकूण पाच. त्यांच्यातलं अंतर पावणेतीन-तीन फुटांपेक्षा जास्त नको. दुकानात जाडी तोंडी सांगतात. व्हर्निअर कॅलिपर लावून पाईपच्या तोंडाशी मोजा आणि काटा समोर करून घ्या, कारण लोखंड वजनावर मिळतं.

उंची मागच्या खांबाला साडेनऊ फूट, पुढच्याला साडेआठ. नऊ फुटांत एक फूट उतार झाला. प्रोफाइल (उंचवटे-खोलगट घड्यांच्या) पत्र्याला फुटाला एक इंच हा कमीत कमी उतार, आपण थोडा जास्त ठेवला. त्याहून जास्त उतार देऊ नये असं माझं मत आहे. मागची बाजू खिडकीच्या वरच्या छज्जाला भिडते आणि पुढची डोक्याला.

खांब ओळंब्यात उभे करून आधी फक्त टाके मारा. पाणीनळीने सगळ्या खांबांची पातळी जुळवा, वरती परत तिरपी मापं घ्या, मगच पूर्ण वेल्डिंग. बेस प्लेट ६ इंच चौरस, ८ एमएम जाड. प्रत्येक बोल्टला प्लेटच्या खाली एक आणि वर दोन नट दिले की पातळी नटानेच साधते. नंतर प्लेटखालची फट सिमेंटच्या घट्ट मसाल्याने भरा.

खांब आणि बीम यांच्या कोपऱ्यात तिरपे टेके हवेत, दोन्ही दिशांनी, दीड-दीड फुटाचे. बऱ्याच शेडमध्ये हेच गाळतात, दिसायला आडवे येतात म्हणून. टेके नसलेलं शेड हाताने हलवून पाहा, सहज डुलतं. जे हाताने डुलतं ते वाऱ्याने रोज डुलतं आणि कधीतरी वेल्डिंग चिरतं. पुढचा टेका सात फुटांच्या वर संपतो, डोक्याला लागत नाही.

पाईपची उघडी तोंडं पट्टी मारून बंद करा. आत पाणी आणि गांधीलमाश्या, दोन्ही शिरतात. वेल्डिंगचा मळ ठोकून काढून रेड ऑक्साइडचा हात द्या, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात. पर्लिनचा वरचा भाग पत्रा चढायच्या आधी रंगवून झाला पाहिजे, नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पत्रा कोणता

इथे जरा थांबू. वारा सांभाळला तरी छपराखाली बसता आलं नाही तर खर्च कशासाठी केला? पारा ४२-४४ वर असताना उघडा लोखंडी पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे तापतो आणि मग तोच पत्रा खाली उष्णता फेकतो. सावली असते, पण डोक्यावर तवा ठेवल्यासारखी. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांनी दुपारपाळी केली आहे त्यांना हे सांगायला नको. आपल्या जुन्या वाड्यांवर माळवद होतं ते उगाच नाही. मातीचा तो जाड थर तापायलाच दिवस जायचा.

माझी निवड अशी: ०.५० एमएमचा रंगीत प्रोफाइल पत्रा, वरून पांढरा किंवा फिकट. विटकरी आणि निळा रंग दुकानात जास्त खपतात, पण पांढरा सगळ्यात कमी तापतो. पत्रा आणि पर्लिन यांच्यामध्ये फॉइल लावलेला फोमचा गुंडाळा अंथरायचा, चकाकती बाजू खाली. खर्च फार वाढत नाही आणि पावसाचा ताडताड आवाजही कमी होतो. हात सैल असेल तर पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या, ३० एमएमचंही चालतं. त्याला फोम वेगळा लागत नाही. पॉलिकार्बोनेट इथे पश्चिमेच्या ओट्याला नको. उजेडासोबत ऊनही आत येतं. शिवाय ते लोखंडापेक्षा पाचपट पसरतं आणि आकसतं, त्यामुळे स्क्रूची भोकं मोठी ठेवली नाहीत तर तडकतं. जुना सिमेंटचा पत्रा उतरवायचा असेल तर तो फोडू किंवा कापू नका. ओला करून अख्खा उतरवा, त्याची धूळ छातीत जाता कामा नये.

बहुतेक प्रोफाइल पत्रे चढावट (शेजारच्या पत्र्यावर चढणारी कड) सोडून एक मीटरच्या आसपास रुंदी झाकतात. चार पत्र्यांत १३ फूट होतात. छप्पर १४ फुटांचं ठरवलं असतं तर पाचवा पत्रा घेऊन बराचसा कापून टाकावा लागला असता. म्हणून सांगाडा कापण्याआधी पत्र्याची रुंदी दुकानात विचारून घ्या. लांबी हवी तेवढी कापून देतात. १२ फुटांचा सांगा, मध्ये जोड नको.

पत्रा चढवताना

पावसाचा वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे चढावटीची कड वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही. आपल्याकडे मोसमी वारा नैऋत्य-पश्चिमेचा. पश्चिमेच्या ओट्यावर पत्रे उत्तर टोकाकडून दक्षिणेकडे लावत यायचे.

रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नको. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या तिन्हींवर एक सोडून एक. वारा कड धरूनच पत्रा उपटतो, म्हणून कडेला कंजुषी नको. स्क्रू किती आवळायचा हे वॉशरकडे पाहून कळतं. रबर वॉशरच्या कडेला जेमतेम डोकावलं की बस. ते चेपून बाहेर फुगलं तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत तडकणार. शेवटच्या पर्लिनपुढे पत्रा दोन-तीन इंचच सोडा, पन्हळीत पाणी पडेल इतका. फूटभर मोकळा सोडलेला पत्रा वाऱ्यात फडफडत राहतो.

काम संपलं की मऊ झाडूने पत्रा झाडा. भोकं पाडताना निघालेला लोखंडाचा चुरा वर राहिला तर पहिल्या पावसानंतर पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठतात आणि तिथूनच गंज धरतो. याच कारणाने रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नये, पत्रा कापायच्या कात्रीने कापावा. वर चढलेल्याने पाय पर्लिनच्या रेघेवरच ठेवायचा, कमरेला दोर हवा आणि वरून जाणारी विजेची तार असेल तर काम सुरू करण्याआधी वायरमनला विचारायचं.

भिंतीकडची फट पत्र्याची पट्टी लावून पक्की बुजवा, असं सगळे सांगतात. घराला वर छज्जा असेल तर मी उलट सांगेन: पत्र्याचं वरचं टोक छज्जाखाली न्या आणि सहा-आठ इंच फट राहू द्या. तापलेली हवा उताराने वर सरकते आणि तिथून निघून जाते. पाऊस छज्जा अडवतो. छज्जा नसेल तर मात्र भिंतीत इंचभर खोल चर घेऊन पट्टी आत घाला आणि वरून सीलंट भरा. नुसती भिंतीला चिकटवलेली पट्टी एका पावसाळ्यात सुटते.

चारनंतरचं ऊन

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा हे छप्पर चोख काम करतं. पण चार वाजता तो क्षितिजापासून ३८ अंशांवर असतो आणि पाचला २४ अंशांवर. आपल्या छपराची पुढची कड सव्वाआठ फुटांवर आहे. हिशेब केला तर चारलाच ऊन ओट्याच्या फरशीवर नऊ फूट आत येतं आणि पाचला घराच्या भिंतीवर तीन फूट चढतं. चहाची वेळ नेमकी हीच. छप्पर कितीही पुढे काढलं तरी हे ऊन थांबत नाही, त्याला उभा आडोसाच हवा.

म्हणून वेल्डिंग चालू असतानाच पुढच्या बीमच्या आतल्या बाजूने दोन-दोन फुटांवर हुक लावून घ्या. बांबूची चिक, शेडनेटचा पडदा किंवा वाळ्याचा पडदा, काहीही टांगता येतं. वाळा ओला ठेवला तर गारवा चांगला येतो, आपली हवा कोरडी आहे. एकच पथ्य: आभाळ भरून आलं की पडदे गुंडाळायचे. सोडलेला पडदा वारा अडवतो आणि सगळा सांगाडा ढकलतो. आपण वर केलेल्या हिशेबात तो धरलेला नाही.

पाणी, परवानगी, गच्ची

पन्हळ ६ इंचांची, दहा फुटांना एक इंच उतार, ७५ एमएमचा पीव्हीसी पाईप खाली. १० मिलिमीटर पाऊस झाला की या छपरावरून सुमारे १४० लिटर पाणी येतं. एवढं पाणी अंगणात सोडून देण्याइतके आपण श्रीमंत नाही. पाईपखाली टाकी ठेवा, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी बाहेर काढायला एक कॉक द्या. झाडांना, ओटा धुवायला, कूलरला ते चालतं. नळाच्या जड पाण्यापेक्षा कूलरची जाळीही त्याने जास्त टिकते.

हे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये, पत्र्याची कडही तिकडे जाता कामा नये. हद्द आणि घर यांच्यामधली मोकळी सोडलेली जागा झाकणं वेगळंच प्रकरण आहे. तिथे कायमचं छप्पर टाकायचं असेल तर आधी महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात किंवा परवानाधारक इंजिनिअरकडे नकाशा दाखवा. शेजाऱ्यालाही आधी सांगा, "काका, एवढ्या अंतरावर पन्हळ येतेय, बघून घ्या." अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

गच्चीवर हेच करायचं असेल तर वरची मापं तशीच उचलू नका. उंचावर वारा जास्त असतो आणि खाली ३८० किलोचे ठोकळे नसतात. खांब इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर आले पाहिजेत, स्लॅबच्या मध्यभागी नव्हे. स्लॅबला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग गेलं. तिथे इंजिनिअरची फी देऊन मापं काढून घ्या.

सांगाड्याला अर्थिंग करून घ्या. पंखा आणि दिव्याची वायर पीव्हीसी पाईपमधूनच न्या, पत्र्याच्या कडेवरून उघडी नको. आणि दरवर्षी होळीच्या आसपास, वळवाच्या आधी, शिडी लावून एकदा कडेचे स्क्रू, अँकर बोल्टचे नट आणि पन्हळीतला पाला पाहून घ्यायचा. तडकलेला वॉशर दिसला की तेवढा स्क्रू बदलायचा. तोच स्क्रू परत आवळून उपयोग नाही.